टर्बो की बिनटर्बो? घाटात रंगून गाडी चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी पहाटे ठाण्याहून निघायचं, वर्दळ सुरू व्हायच्या आत माळशेज नाहीतर ताम्हिणी गाठायचा आणि ऊन चढायच्या आत परत फिरायचं, हा आमच्या काही जणांचा बऱ्याच वर्षांचा शिरस्ता. गाडी घ्यायची वेळ आली की ओळखीचे लोक तेच तेच प्रश्न पाठवतात. त्यांतले सगळ्यात जास्त वेळा आलेले इथे एकत्र केले आहेत. रंगून चालवणं म्हणजे वेगमर्यादेत, आपल्या लेनमध्ये राहून, ब्रेक-गिअर-वळण यांची लय जमवत चालवणं. शर्यतीबद्दलच्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

१. टर्बो आणि एनए यांत नेमका फरक काय? अगदी पहिल्यापासून सांगा.

फरक हवेचा आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे इंजिनात जितकी हवा जाईल तितकंच पेट्रोल जाळता येतं. एनए म्हणजे नॅचरली ॲस्पिरेटेड, आमच्या बोलण्यातलं बिनटर्बो. त्यात पिस्टन खाली सरकला की बाहेरच्या हवेच्या दाबानेच हवा आत शिरते, जेवढी येईल तेवढी. टर्बोत इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटं चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून आत कोंबतं. लहान गाड्यांतली ही चक्रं जोरात असताना मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतात. दाबलेली हवा तापते, म्हणून ती आधी इंटरकूलरमध्ये थंड करतात. कल्पना जुनीच आहे. आल्फ्रेड ब्यूची या स्विस अभियंत्याचं पेटंट १९०५ सालचं.

२. कागदावर एनए गाडीची ताकद जास्त, तरी चालवताना टर्बोच जोरात का वाटते?

कारण कागदावर छापतात तो आकडा इंजिन पार वरच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) गेल्यावरचा असतो, आणि आपण तिथे क्वचितच जातो.

होंडा सिटीचं १.५ लिटर एनए इंजिन घ्या: १२१ पीएस (ताकदीचं एकक, जवळजवळ हॉर्सपॉवरच), तेही ६६०० आरपीएमला. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १४५ एनएम (न्यूटन-मीटर), ४३०० ला. फोक्सवॅगन व्हर्टसचं १.० टीएसआय ११५ पीएसचं, म्हणजे कागदावर सहाने मागे. पण त्याचा १७८ एनएम टॉर्क १७५० पासूनच हाताशी असतो. आता २००० आरपीएमचा हिशोब करू. टर्बो तिथे साधारण ५० पीएस देते. सिटीला तिचा सर्वोच्च टॉर्क तिथेच मिळतो असं उदारपणे धरलं, तरी ती ४१ च्या पुढे जात नाही, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच असते. वाशीच्या खाडीपुलावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर जाणवतो तो हा फरक.

ह्युंदाई वर्नात हे आणखी स्वच्छ दिसतं, कारण एकाच गाडीत १.५ लिटरची दोन्ही इंजिनं मिळतात. एनए ११५ पीएस आणि १४४ एनएम, टर्बो १६० पीएस आणि २५३ एनएम. दोन्ही चालवून बघायची संधी मिळाली तर सोडू नका.

३. मग सगळ्या कंपन्या एक लिटरची टर्बो इंजिनंच का काढताहेत?

एक कारण कर. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी आपल्याकडे लहान गाडी धरली जाते. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे, त्याहून मोठीवर ४०. त्या चौकटीत राहून ताकद वाढवायची तर हवा कोंबण्याखेरीज फारसा मार्ग उरत नाही. दुसरं कारण धुराचे आणि इंधन वापराचे नियम. व्हर्टस चार मीटरहून लांब असल्यामुळे तिला सवलत नाही, पण तेच इंजिन स्कोडा कायलॅकमध्ये बसवलं की सवलत लागू होते.

४. टर्बो लॅग म्हणजे काय? नव्या गाड्यांत तो उरलाय का?

उरलाय. कमी झालाय, पण गेलेला नाही.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे टर्बो जागा व्हायला लागणारा किमान आरपीएम. लहान पेट्रोल इंजिनांत तो साधारण १५०० ते १८०० असतो. त्याखाली कितीही रेस दिली तरी टर्बो नसल्यासारखंच. दुसरी गोष्ट खरा लॅग: आरपीएम पुरेसा आहे, पण पाय दाबल्यापासून चक्र वेग घेईपर्यंत जाणारा वेळ. समजा अर्धा सेकंद गेला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ताशी ४० ने वळणात असताना तेवढ्यात गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते.

माझी पहिली टर्बो नवी असताना ताम्हिणीत मला याचा अनुभव आला. वळणाच्या पोटात पाय दाबला, काही झालं नाही म्हणून आणखी दाबला, आणि वळण सुटायच्या आत सगळा टॉर्क एकदम आला. पुढची चाकं बाहेरच्या अंगाला सरकली आणि गाडी मधली रेषा ओलांडून गेली. समोरून कोणी येत नव्हतं. आधीची नऊ वर्षं मी एनए चालवली होती आणि पायाला तीच सवय होती. त्या दिवसापासून मी टर्बो वेगळ्या पद्धतीने चालवतो. ब्रेक आणि खालचा गिअर वळणाच्या आधीच उरकायचा, वळणभर पाय हलका पण ठेवलेला, म्हणजे चक्र फिरतं राहतं, आणि स्टिअरिंग सरळ होऊ लागलं की मगच दाबत न्यायचं.

एक अपवाद: एनए गाडीतही पाय दाबल्यावर क्षणभर काही घडत नसेल, तर तो लॅग नव्हे. आता एक्सिलरेटरला वायर असते, केबल नसते, आणि धूर कमी राहावा म्हणून संगणक थ्रॉटल (हवेची झडप) मुद्दाम सावकाश उघडतो. पाय काढल्यावर आरपीएम लटकून राहतो तोही त्यामुळेच.

५. एका शब्दात सांगा, घाटात जास्त मजा कशात?

मला विचाराल तर एनए. आज माझ्याकडे टर्बो आहे, तरीही.

एनएमध्ये पाय जितका, तितकं उत्तर. दुसऱ्या गिअरमध्ये ३००० वरून ६००० पर्यंत इंजिन चढत जातं, आवाज बदलत जातो आणि वळणातून बाहेर पडताना किती जोर येणार हे तळव्याला आधीच ठाऊक असतं. जोर मागून घ्यावा लागतो, त्यासाठी योग्य गिअर योग्य वेळी टाकावा लागतो, आणि तो टाकण्यातच सगळा आनंद आहे. बोरघाटात कारला मर्यादा ताशी ६० ची आहे. तेवढ्यात टर्बोला घाम फुटत नाही. एनए मात्र त्या वेगातही तुम्हाला कामाला लावते.

पण गाडीत चार माणसं, डिकीत सामान, एसी चालू आणि पुढे ऊस भरलेला ट्रक, अशा वेळी टर्बोचा मोकळेपणा नाकारता येत नाही. सरळ, मोकळा पट्टा मिळाला की तिसऱ्या गिअरमध्येच ती पुढे काढते. तीच ओव्हरटेक एनएमध्ये दुसऱ्यात टाकून, वरपर्यंत ओढून, मनात अंतर मोजून करावी लागते. ज्यांना सगळा कुटुंबकबिला घेऊन वर्षातून चार वेळा कोकणात उतरायचं आहे त्यांना मी टर्बोच सुचवतो. गाडी चालवणं नव्याने मनावर घेतलंय, एकट्याने निघायचंय, त्यांनी हलकी एनए घ्यावी. २०२४ च्या स्विफ्टचं इंजिन जेमतेम ८२ पीएसचं, पण गाडीच साधारण ९२० किलोची. तेवढ्या वजनाला तो जोर पुरतो, आणि वळणात हलकी गाडी नेहमीच जास्त बोलते.

६. महाबळेश्वरला चढताना माझी एनए दम टाकते. काही बिघाड आहे का?

बहुधा नाही, हवा विरळ होते. पोलादपूरहून आंबेनळीने तुम्ही जवळजवळ समुद्रसपाटीवरून साडेतेराशे मीटरवर जाता. तिथे हवा सुमारे १२ टक्के विरळ असते आणि एनएची ताकदही जवळपास तेवढीच उतरते. १२१ पीएसची गाडी वर १०६ च्या आसपास राहते. टर्बो चक्र थोडं जास्त फिरवून ही तूट भरून काढते. खंडाळा-लोणावळ्याला उंची सहाशे मीटरच्या जवळपास असल्यामुळे घट पाच-सहा टक्केच, ती जाणवतही नाही. खंडाळ्यालाच गाडी धापा टाकत असेल तर एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग तपासा.

७. रोजचा प्रवास घोडबंदर ते अंधेरी. बंपर टू बंपरमध्ये कोणती बरी?

मॅन्युअल घेणार असाल तर चार सिलेंडरची एनए. १५०० च्या खाली एक लिटरची टर्बो म्हणजे नुसतं एक लिटरचं इंजिन, त्यात कॉम्प्रेशनही बहुतेकदा एनएपेक्षा कमी ठेवलेलं. परिणाम असा की गायमुखच्या चढावर रांगेत सरकताना अर्धा क्लच धरावा लागतो, आणि एकदा टर्बो जागा झाला की गाडी पुढच्या बंपरकडे झेपावते. वर्षभरात गुडघा आणि क्लच प्लेट दोघंही तक्रार करू लागतात.

ऑटोमॅटिक असेल तर चित्र पालटतं. टॉर्क कन्व्हर्टर टर्बोचा हा खड्डा झाकून टाकतो. ड्युअल क्लच गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर अप्रतिम, पण तासभर रांगेत इंच इंच सरकवलात तर तापतो. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच-गिअर यंत्र बदलतं) स्वस्त आहे, रोजच्या कामाला चालते. रंगून चालवायला नाही, कारण वळणाच्या तोंडाशी ती गिअर बदलत बसते.

मे महिन्यातली आणखी एक गोष्ट. रांगेत उभं राहून इंटरकूलर भाजून निघतो, त्याला वारा लागत नाही. त्यानंतर लगेच मोकळा रस्ता मिळाला तर पहिली काही मिनिटं टर्बो मंद वाटते. तापलेल्या हवेत पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकू नये म्हणून संगणक स्पार्क उशिरा देतो. वारा लागला की ती पूर्ववत होते.

८. पावसाळ्यात टर्बो धोक्याची आहे का?

गाडी धोक्याची नाही, पाय धोक्याचा ठरू शकतो. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल आणि धूळ यांचा लेप असतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत दुसऱ्या गिअरमध्ये अडीचशे एनएम एकदम आले की चाकं जागच्या जागी फिरतात, आणि फिरणारं चाक वळवता येत नाही. एनएचा जोर हळूहळू वाढतो, म्हणून ओल्या रस्त्यावर ती जास्त माफ करते. टर्बोत एक गिअर वर ठेवा, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) चालूच असू द्या आणि इंजिनाआधी टायरवर खर्च करा. जुलैच्या ताम्हिणीत नक्षी गेलेल्या टायरवर कुठलंच इंजिन चांगलं नाही.

साचलेल्या पाण्याबद्दल हिंदमाता आणि मिलन सबवेचं नाव घेऊन बरेच जण विचारतात. हवा घेणाऱ्या नळीचं तोंड पाण्यात गेलं की इंजिन पाणी ओढतं, टर्बो असो वा नसो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, टो करून न्या. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनासाठी वेगळं कवच घेतलेलं नसेल तर विमा कंपनी सहसा हे नुकसान देत नाही.

९. उतरताना फरक पडतो का?

पडतो, आणि याबद्दल फार कमी लोक विचारतात. पाय काढल्यावर इंजिन गाडीला जो रोध करतं, तो इंजिनाच्या आकारमानावर अवलंबून असतो. एक लिटरची टर्बो चढताना दीड लिटरच्या एनएला भारी पडेल, पण उतरताना त्याच आरपीएमला तिचा रोध साधारण दोन तृतीयांशच असतो. पाय काढलेला असताना टर्बो काहीच मदत करत नाही. म्हणून कसाऱ्याला किंवा बोरघाटात उतरताना लहान टर्बोत एक गिअर आणखी खाली ठेवा, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो आणि खाली पोचेपर्यंत करपट वास सुटतो. सीव्हीटी (ठरलेल्या पायऱ्यांविना चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर खालचा मोड लावा, एएमटी असेल तर मॅन्युअलवर घ्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल मारणारे अजूनही भेटतात. वाचत काही नाही, कारण गिअरमध्ये पाय काढलात की इंजेक्शनची गाडी पेट्रोल जवळजवळ पूर्ण बंद करते. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगपुरतं जाळावंच लागतं.

१०. वडील म्हणतात टर्बो लवकर उडतो, घेऊ नको. खरंय का?

वडिलांनी पाहिलेल्या जुन्या डिझेल गाड्यांबाबत ते बरोबर असतील. आताच्या पेट्रोल टर्बोंच्या बेअरिंगमधून पाणीही फिरतं आणि नीट वापरलेला टर्बो इंजिनाइतका टिकू शकतो. पण दुर्लक्ष तो खपवून घेत नाही.

ऑइल हा त्याचा जीव. कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं घाला. डब्यावर एपीआय एसपी (ऑइलचा दर्जा) किंवा त्यापुढचं लिहिलेलं असेल तर लहान थेट-इंजेक्शन टर्बोंत होणारं अवेळी पेटणं कमी होतं. पुस्तकात १०,००० किंवा १५,००० किलोमीटर लिहिलेले असले तरी मुंबईच्या गर्दीत किलोमीटर कमी आणि इंजिनाचे तास जास्त होतात, म्हणून मी अंतराची वाट न बघता आधीच बदलतो. थंड इंजिनावर जोर नको, पहिली पाच-सात मिनिटं सौम्य. घाट जोरात चढून लगेच बंद करू नका. वर पोचायच्या आधीचे एक-दोन किलोमीटर शांत चालवले की पुरे. तसं जमलं नाही तर मिनिटभर आयडलवर ठेवा. आणि १२०० आरपीएमला चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पाय तळाला नेऊ नका. अवेळी पेटणं तिथेच होतं, त्यात पिस्टन फुटू शकतो. खालचा गिअर टाका.

११. टर्बोला १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल घालावं का?

टाकीच्या झाकणामागे ऑक्टेनचा (पेट्रोल अवेळी न पेटण्याचं माप) किमान आकडा लिहिलेला असतो, तो पाळला की झालं. आता पंपावर मिळणाऱ्या ई२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, ऑक्टेन साधारण ९५ आहे. बहुतेक गाड्यांना तो पुरतो. साध्या एनएमध्ये त्याहून वरचं पेट्रोल म्हणजे पैसे वाया. टर्बोत, मे महिन्यात, भरलेल्या गाडीने घाट चढताना थोडा फरक जाणवू शकतो. मी दर वेळी घालत नाही.

१२. ई२० आल्यापासून मायलेज कमी झालं. टर्बोत जास्त की एनएत?

घट दोन्हींत होते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी. त्यापलीकडची घट पायाची. टर्बो शांत चालवली की कमी पिते. सतत दाबून चालवली की टर्बोचं चक्र थंड ठेवायला जास्त पेट्रोल ओतते, आणि तेव्हा एनएपेक्षाही वाईट सरासरी देते. एनएचा आकडा इतका खाली-वर होत नाही.

१३. जुनी टर्बो घेतोय. काय बघू?

सर्व्हिसची बिलं आधी, गाडी नंतर. ऑइल बदलाचा एक जरी टप्पा गायब असेल तर मी पुढे बघत नाही. गाडी सकाळी थंड असताना सुरू करायला सांगा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालवताना शिट्टी हलकी ऐकू आली तर ठीक, पण सायरनसारखी चढली तर बेअरिंग गेलंय. इंटरकूलरची नळी काढून बघितल्यावर आत ऑइलचा पातळ थर दिसला तर घाबरू नका, तो असतोच. साचलेलं ऑइल सांडलं तर गाडी सोडून द्या. पुढे रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकात केलेला बदल) केलेली होती का, हेही विचारा (प्रश्न १५ पाहा).

१४. टर्बो इतकी चांगली, तर पोर्शे ९११ जीटी३ अजून एनए का?

पोर्शेने साध्या ९११ कॅरेराला २०१५ मध्ये टर्बो दिला, पण जीटी३ ला दिला नाही. ती ९००० आरपीएमपर्यंत जाते, आणि तिथपर्यंतच्या प्रत्येक आरपीएमवर पायाला तत्काळ उत्तर हवं म्हणूनच लोक ती घेतात. होंडाने १९९९ मध्ये एस२००० च्या दोन लिटरच्या एनएमधून जपानी गाडीत २५० पीएस काढले होते. अशी इंजिनं महाग पडतात. आपल्या बजेटमधली एनए तशी नाही, पण स्वभाव त्याच घराण्याचा.

१५. रीमॅप करून घेऊ का? मित्राच्या टर्बोची ताकद खूप वाढली.

टर्बोत वाढते, कारण संगणकाला जास्त दाब द्यायला सांगता येतं. एनएमध्ये हवाच वाढत नाही, त्यामुळे पदरात फारसं पडत नाही. पण वॉरंटी जाते, विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत बदल करण्यावर बंधन घालतं. माझं मत: कोस्टल रोडवर सरळ भागात ८० आणि बोगद्यात ६० ची मर्यादा असलेल्या शहरात आणखी ३० पीएस कुठे वापरणार? तेवढ्या पैशांत चांगले टायर आणि ब्रेक पॅड येतात.

१६. सीएनजी आणि हायब्रिडचं काय? ते यात कुठे बसतात?

सीएनजी वायू सिलेंडरमधली हवेची जागा खातो, म्हणून एनए गाडी सीएनजीवर घाटात बसते. टर्बो ती तूट भरून काढू शकतो. टाटाने २०२४ मध्ये नेक्सॉन त्याच रीतीने आणली, भारतातली पहिली टर्बो सीएनजी कार. सिटीच्या हायब्रिडमध्ये इंजिन एनए असलं तरी चाकं बहुतेक वेळ मोटर फिरवते, त्यामुळे शून्यापासून टॉर्क मिळतो, लॅग नाही. पण इंजिनाचा आवाज पायाशी जुळत नाही, आणि गिअरची लय शोधणाऱ्याला ते खटकतं. डिझेल विचारणाऱ्यांसाठी: बाजारातली सगळीच डिझेल टर्बो आहेत. जोर भरपूर, पण आरपीएमचा पट्टा आखूड, ४००० च्या पुढे मागण्यासारखं काही नाही.

१७. टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय तपासू? शोरूमवाला दोन किलोमीटरच फिरवतो.

दोन पुरतात, रस्ता तुम्ही निवडा. त्यात एक फ्लायओव्हरचा चढ आणि एक सिग्नलची रांग हवीच. रांगेत एक्सिलरेटर न देता, नुसता क्लच सोडून गाडी सरकते का बघा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर हळू पाय दाबा आणि जोर यायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. मग मोकळ्या जागी दुसऱ्यात आरपीएम वर नेऊन पाय अर्धा उचला, पुन्हा अर्धा दाबा. गाडी सलग चालली तर घाटातही सलग चालेल, आणि मागच्या सीटवरच्या माणसाची मान हलली तर घाटातही हलेल. त्यासाठी घरातलं कोणीतरी मागे बसवून न्या. माझी बायको मागे बसली होती, तिने तीन गाड्या नापास केल्या आणि चौथी आम्ही घेतली.